मंगळवारची मॅडम

आनंदाबाई दारात पोचल्या तेव्हा तानाबाई नेहमीप्रमाणे धुतलेलं लुगडं नेसून, आधारकार्डाची पिशवी मांडीवर धरून खाटेवर ताठ बसली होती. ऐंशीची म्हातारी ही, शाळेत साहेब यायचे असल्यासारखी का बसते, हे कोडं आनंदाबाईंना सात महिन्यांत सुटलं नव्हतं. आता तर सोडवायचं त्राणही उरलं नव्हतं.

तीस वर्षं अंगणवाडीत खिचडी शिजवून त्या निवृत्त झाल्या आणि लगेच पुलगावच्या एका मंडळाने त्यांना गाठलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जायचं, तासभर बसायचं, बोलायचं. घरी लकव्याने पडलेला नवरा, स्वतःचे दोन्ही गुडघे कुरकुरणारे. आपलं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, पण नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मंडळाने एक वहीही दिली होती. तब्येत कशी, जेवण जातं का, घरचं कोणी येऊन गेलं का, एवढं त्यात लिहायचं.

बाकीची म्हातारी माणसं बोलायला लागली की थांबवावी लागत. नाचणगावची ही एकटीच अशी, की सगळं बरं हाय म्हणायची आणि पुढे गप्प. घरचं कोणी आलं होतं का, या प्रश्नावर तर ठरलेलं उत्तर.

"मले कोण हाय, मॅडम? कोणी नाई."

आजही तेच झालं. भर चैत्राच्या उन्हात ऑटोत चेंगरून यायचं, भिंतीकडे बघत तासभर काढायचा आणि वहीत 'बरं आहे' लिहून परत जायचं, याचा आनंदाबाईंना मनापासून कंटाळा आला होता. पायात चपला घातल्यावर त्यांनी सांगून टाकलं की पुढच्या मंगळवारपासून त्या येणार नाहीत. मंडळ दुसरं कोणी पाठवेल, नाहीतर नाही.

तानाबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"माहं बंद केलं का, मॅडम? मी तर जिती हावो ना. मी काई चुकीचं बोलली का?"

आधी आनंदाबाईंना काही कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. दर मंगळवारी वही घेऊन येणारी ही बाई सरकारच्या निराधार योजनेच्या पैशाच्या तपासणीला येते, असं म्हातारी पहिल्या दिवसापासून धरून चालली होती. आनंदाबाईंनी दारातूनच समजावलं. आपण सरकारी नाही, आपल्याला कोणी पगार देत नाही, ते पैसे आपल्या हातात नाहीत.

तानाबाईने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली.

"मंग तू कायले येत होती?"

मॅडमची तू झाली होती. "बसाले," आनंदाबाई म्हणाल्या. "बोलाले."

"नुसतं बोलाले?" म्हातारीचा आवाज चिरकला. "अन् मी सात महिने तोंड शिवून बसली."

मग एकदम बांध फुटला. लेक आहे म्हणून सांगितलं तर पैसे बंद होतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. लेक होता. तो सुरतेला मिलमध्ये होता. दर सणाला यायचा.

"मी दर मंगळवारी तुले नाई म्हणत गेली, कोणी नाई मले. अन् तो खराच नाई आला. दिवाळीले नाई, संक्रांतीले नाई. फोनबी लागत नाई त्याचा. माह्याच तोंडानं मी त्याले नाईसा केला, आनंदा."

नुसत्या बोलण्याने असं काही होत नसतं, हे आनंदाबाईंना माहीत होतं. पण सात महिने दर आठवड्याला हा प्रश्न आपणच विचारला आणि उत्तर वहीत उतरवून घेतलं, या विचाराने त्यांना लाज वाटली. ऑटोची वेळ झाली होती. नवऱ्याचं अंग पुसायचं राहिलं होतं. त्यांनी चपला काढल्या आणि गुडघ्यावर हात दाबत खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"नाव काय त्याचं?"

तानाबाईने सवयीने दाराकडे पाहिलं. बाहेर नुसतं ऊन होतं.

"मुकेश," ती पुटपुटली. घरात तिसरं कोणी नव्हतं, तरी शेजारपाजारी ऐकू जावं अशा आवाजात तिने ते पुन्हा सांगितलं. "माह्या लेकाचं नाव मुकेश हाय."