सगळं ताजं आहे

माझी मेव्हणी मशीनला भागाकार शिकवत होती आणि मशीन हटून बसलं होतं.

ती कॉलेजात शिकवते आणि मी तिथल्याच लॅबमध्ये मशिनी सांभाळतो. म्हणजे माझी थट्टा तिला घरीही सोसावी लागते आणि कामावरही. तिच्या विषयासाठी एक इवलीशी ऑपरेटिंग सिस्टीम आहे, मुलांना अख्खी वाचून समजेल एवढीच. मुलांनी लिहिलेला प्रोग्राम कंपायलर मशीनच्या भाषेत आणतो. पण त्या बारक्या मशीनला भागाकार येतच नाही. मग कंपायलर तो लायब्ररीतून, म्हणजे आधीच करून ठेवलेल्या तुकड्यांच्या पेटीतून, उचलतो आणि जोडतो. त्याच तुकड्यात चूक होती. उणे सातला दोनने भागलं की भलतंच काहीतरी यायचं.

"भाऊजी, दुपारी सर येतायत," ती म्हणाली. "भागाकार चुकला तर हे खेळणं बंद, पुढच्या सत्रापासून मोठी तयार सिस्टीम. तोंडावर सांगितलंय."

सर म्हणजे विभागप्रमुख. हसले तर दात मोजले जातील अशी भीती असलेला माणूस.

कालपासून तिचं तेच चाललं होतं. चूक दुरुस्त करायची, लायब्ररी पुन्हा बांधायचा हुकूम द्यायचा. पडद्यावर लगेच यायचं, 'सगळं ताजं आहे.' हे वाक्य तिनंच मुलांसाठी हौसेनं घातलेलं.

"बघा किती पटकन बांधते! म्हणून लहान सिस्टीम बरी," ती म्हणायची. आणि उत्तर पुन्हा चूक.

ती तोंड धुवायला गेली तेव्हा माझा हात खाजला. शून्याने भागलं की लायब्ररी म्हणते, 'शून्याने भागाकार शक्य नाही.' किती रडकं! मी तिथे लिहिलं, 'शून्याने भागतोस? घरी सांगून आलायस का?'

ती आली, काहीतरी बदललं, पुन्हा हुकूम दिला. सगळं ताजं आहे.

"जरा शून्याने भागून बघ की," मी अगदी साळसूदपणे म्हणालो.

तिनं भागलं. 'शून्याने भागाकार शक्य नाही.'

माझा चेहराच पडला. "अगं, माझा विनोद कुठे गेला?"

"कसला विनोद?"

सांगावं लागलं. मला वाटलं, आता डस्टर येतंय. पण ती पडद्याकडे वळली.

"म्हणजे माझ्या दुरुस्त्याही तिथेच गेल्या, जिथे तुमचा विनोद गेला."

मग तिनं मशीनला तारीख विचारली. मशीन कित्येक वर्षं मागे होतं! घड्याळाचा सेल मेलेला, आणि काल मी मशीन बंद करून चालू केलेलं. बांधणारा प्रोग्राम आत काय लिहिलंय ते वाचतच नाही, लिहिलेलं आधी बांधलेल्यापेक्षा नवं आहे का एवढ्याच तारखा बघतो. तिनं आत्ता लिहिलेलं त्याला जुनंपुराणं वाटत होतं, म्हणून तो काही न करता सांगायचा, सगळं ताजं आहे.

"बांधलं तरी हेच म्हणतो, नाही बांधलं तरी हेच," ती कपाळ चोळत म्हणाली. "वाक्य माझंच. गोड लिहिण्याची हौस!"

घड्याळ लावलं, आधी बांधलेले जुने तुकडे पुसले, सगळं नव्यानं बांधायला घेतलं. आता मात्र मशीन खरोखर राबत होतं, ओळींवर ओळी सरकत होत्या. शेवटी तिनं शून्याने भागलं.

'शून्याने भागतोस? घरी सांगून आलायस का?'

ती खो खो हसली, मग डोळे पुसले, आणि म्हणाली, "काढा आधी ते."

सर आले. उणे सात भागिले दोन. उणे तीन, बाकी उणे एक. सरांनी मान हलवली. मी मेव्हणीला डोळ्यांनी खुणावत होतो, आता गप्प बस. पण ही बाई कसली ऐकते! तिनं घड्याळापासून सगळं सांगितलं. माझा विनोद तेवढा गाळला, एवढीच दया.

सरांनी पडद्यावरच्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मला वाटलं, गेलं खेळणं.

"मोठ्या सिस्टीमवर हे मुलांना दिसलं असतं?" त्यांनी विचारलं.

"झालं असतं, सर. दिसलं नसतं. इतक्या थरांखाली कोण शोधणार?"

सरांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला.

"मग पहिला तास हाच घ्या," ते म्हणाले. "आणि घड्याळ मागे करा पाहू. पुन्हा बिघडवा. मला सुरुवातीपासून बघायचंय."