दूध नको म्हणताना

देऊळघाटहून बुलडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर समता रोज पहाटे पळायची. सोबत काजल असायची. काजलचं लक्ष घड्याळाकडे असायचं आणि समताचं रस्त्याच्या कडेला. शेतात तूर उभी होती तोवर निदान आडोसा होता. पोटात कळ उठली की, "तू हो पुढं, माह्या बुटाची नाडी सुटली," असं म्हणायचं आणि तुरीत शिरायचं. तूर कापून झाली, दोन्ही बाजूंची रानं उघडी पडली आणि समताला पळायचीच भीती वाटू लागली.

दोघी पोलीस भरतीची तयारी करत होत्या. काजल गावातल्या रामरावांची मुलगी. घरी जमीन, गोठा, ट्रॅक्टर. समताचे वडील सहदेव गवंडीकाम करायचे. घरं गावाच्या दोन टोकांना, पण मैत्री पहिलीपासूनची. तयारी सुरू झाली त्या पहिल्याच पहाटे समता काजलला बोलवायला गेली, तेव्हा काजलची आई विमलबाई ओसरीवर आल्या.

"रिकाम्या पोटी पळता काय वं पोरीहो? चक्कर येऊन पडसान कुठी. बसा."

त्यांनी दोघींच्या हातात दुधाचे दोन गिलास दिले. घरच्या म्हशीचं दूध, वर बोटभर साय, साखर घातलेलं. दोन्ही गिलास सारखे. समतानं ते घरी सांगितलं तेव्हा तिची आई बनाबाई भाकर थापता थापता थांबली.

"त्याईच्याच गिलासात?"

"हाव. काजलच्या जोडीचाच."

बनाबाईचा चेहरा उजळला. बनाबाईचं माहेरही याच गावातलं; तिच्या आईला त्याच ओसरीखाली उभं राहून कानफुटक्या कपात चहा मिळायचा. तो कप तिनंच धुऊन गोठ्याच्या भिंतीवर पालथा ठेवायचा असे. बनाबाईनं तो कप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

तेव्हापासून समता रोज तो गिलास रिकामा करायची. तिच्या घरी दूध म्हणजे चहात रंग येण्यापुरतं. अख्खा गिलास दूध तिच्या पोटात कधी गेलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात पोट गुडगुडलं, फुगलं. पळायची सवय नाही म्हणून असेल, असं तिला वाटलं. मग कळा सुरू झाल्या. पळून झाल्यावर गोळा फेकायचा सराव असायचा. त्या वेळेपर्यंत पोट दगडासारखं व्हायचं, घाम फुटायचा आणि मग एकदम अशी घाई की दुसरं काही सुचायचं नाही. दुपारपर्यंत तीन-चारदा जावं लागे. अभ्यासिकेत बसली तर पोटाचा आवाज शेजारच्या पोरीला ऐकू जाईल म्हणून ती मुद्दाम पुस्तकाची पानं फडफडवायची.

हे कुणाला सांगायचं? पोटाचं सांगण्यात तिला मरणाची लाज वाटायची. मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, ओवा चावायचा. भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांना एकदा आडून आडून विचारलं, तर ते हसले. "टेन्शन हाये ते. मनातून काढून टाक. आन् खुराक वाढव. दूध, केळी, अंडे."

समतानं मनातून काढायचा प्रयत्न केला. दूध चालूच राहिलं.

भरतीचा दिवस आला. विमलबाईंनी आदल्या दिवशीच बदाम कुटून ठेवले होते. पहाटे थर्मास भरून दूध घेतलं आणि मैदानाच्या फाटकापर्यंत स्वतः आल्या. "माह्यासमोर प्या दोघीबी. आज ताकद पाह्यजे." समता म्हणणार होती, काकू, मले नको. पण त्या एवढ्या थंडीत, डोक्याला मफलर गुंडाळून आल्या होत्या. तिनं डोळे मिटून पिऊन टाकलं.

नंबर यायला वेळ लागला. ऊन वर आलं. आठशे मीटरच्या रांगेत उभी राहिली तेव्हाच पोटात पिळा पडायला लागला होता. तिनं इकडं तिकडं पाहिलं. शौचालय मैदानाच्या पार पलीकडे होतं, आणि रांग सोडली की नंबर गेला. शिट्टी वाजली. पहिला अर्धा भाग ती पुढच्या पोरींत होती. शेवटच्या वळणावर कळ आली, आणि ती इतकी मोठी होती की तिचे पाय आपोआप जवळ आले. ती वाकली, दोन पावलं तशीच फरपटत गेली, आणि मग अंगावरचा ताबाच सुटला.

तिच्या पँटला ते दिसत होतं. बाजूनं पोरी पळत गेल्या. एकीनं तोंडावर हात धरला. एका महिला शिपायानं तिला धरून बाजूला नेलं. ती भली बाई होती. तिनं पाण्याची बाटली दिली. काजलची धाव आधीच झाली होती. ती आली, तिनं स्वतःचं जॅकेट काढून समताच्या कमरेला बांधलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"कोणाले सांगू नको," समता म्हणाली. "तुले आईची शप्पथ हाये."

घरी समतानं सांगितलं की पायात गोळा आला.

काजलची निवड झाली. तिच्या घरासमोर फटाके वाजले, ती ट्रेनिंगला निघून गेली. समता परत एकटी पळू लागली. विमलबाईंना वाटायचं, आपली पोरगी मार्गी लागली, हिचीही लागावी. त्यांनी निरोप पाठवला, "काजल नाई तर काय झालं? दूध प्याले येत जाय." आणि समता जात राहिली.

ते वर्ष फार वाईट गेलं. पळताना पोटात काही नसलं तर काही होणार नाही, असा तिनं हिशेब मांडला आणि रात्रीचं जेवण कमी केलं. ती वाळायला लागली. ती वाळली म्हणून बनाबाई घाबरली. विमलबाईंकडचा गिलास होताच, त्यात भर म्हणून बनाबाईनं घरी रात्रीचं दूध लावलं. त्यासाठी स्वतःचा आणि सहदेवचा चहा काळा केला. समतासमोर पेला ठेवून ती समोरच बसायची.

"पे वं पोरी. हाडंच राह्यले नुस्ते तुह्ये."

समता प्यायची, आणि अर्ध्या रात्री पोट धरून अंथरुणात गोळा होऊन पडायची. मावसबहिणीच्या लग्नाला बीबी गावाला जायचं होतं, ती गेली नाही. एसटीत दोन-अडीच तास बसायचं आणि मध्ये गाडी थांबवायला सांगायचं, ही कल्पनाच तिला सहन झाली नाही. नांदुऱ्याहून पाहुणे बघायला आले तेव्हा त्यांच्यासोबत तिलाही बासुंदी घ्यावी लागली. पाहुणे प्रश्न विचारत होते आणि ती मध्येच उठून गेली, ती बराच वेळ आलीच नाही. मुलीला काहीतरी आजार आहे, असा निरोप आला. समतालाही आता तसंच वाटत होतं. आपल्याला पोटाचा कॅन्सर आहे, घरच्यांना कळेल तेव्हा फार उशीर झालेला असेल, असं ती मनात धरून बसली होती. एकदा संडासात भिंतीला डोकं टेकवून बसलेली असताना तिला वाटलं, यातून सुटायचा एकच रस्ता आहे. त्या विचाराची तिला इतकी भीती वाटली की ती तशीच बाहेर आली आणि आईला चिकटून झोपली.

मग विमलबाईंची म्हैस आटली. त्याच सुमारास सहदेवचं काम बंद पडलं आणि घरचं रात्रीचं दूधही बंद झालं. दोन-चार दिवसांत समताचं पोट शांत झालं. आधी तिला ते कळलंच नाही. एके दिवशी ती पूर्ण पळून आली, गोळा फेकला, अभ्यासिकेत दुपारपर्यंत बसली, आणि तिच्या लक्षात आलं की आज आपण एकदाही पोटाचा विचार केला नाही. तिला त्यावर विश्वास ठेवायचं धाडस होईना. हे असं महिना-दीड महिना चाललं. म्हैस व्याली, चीक संपला, विमलबाईंनी पुन्हा गिलास भरून दिला. त्याच सकाळी गोळा फेकताना तिला तीच जुनी कळ आली.

त्या दिवशी ती घरी न सांगता बुलडाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. रडत रडत सगळं सांगितलं, मैदानावरचं सोडून. बाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, विचारलं, "दही चालतं? ताक?"

"थोडं चालते."

"तुम्हाला कॅन्सर वगैरे काही नाही. दुधात एक साखर असते, लॅक्टोज. ती तुमच्या पोटाला पचत नाही. खूप जणांना पचत नाही, त्यांना माहीत नसतं. दूध, पेढा, बासुंदी, आईस्क्रीम बंद. वाटीभर ताक, दही सोसतं तेवढं घ्या. बाकी अंडी, डाळ, शेंगदाणे, सगळं खा."

समताला एवढं साधं उत्तर पटेना. तिनं पुन्हा विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

एसटी स्टँडवर बसून ती मनसोक्त रडली. पण खरं अवघड पुढं होतं. संध्याकाळी तिनं आईला सांगितलं. बनाबाई म्हणाली, "दुधानं कोणाले काई होते काय? लेकरं दुधावर जगतेत."

"मले होते माय. डॉक्टरीणबाईनं सांगतलं."

"घरचं बंद करू. पन विमलबाईले काय सांगू? त्याईच्या दारात तुले मान हाये. आता तू नाई म्हनली, तर त्या म्हनतीन, यायची ऐपत नव्हती तवा चाललं, आता यायले आमचं नको झालं." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तिथं दोन घोट पेत जाय. घरी येऊन ओकून टाक."

मग समतानं ते सांगितलं, जे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. मैदान, शेवटचं वळण, बाजूनं पळत गेलेल्या पोरी, कमरेला बांधलेलं काजलचं जॅकेट. सांगताना तिनं मान वर केली नाही. चुलीजवळ बसलेल्या सहदेवनं हातातली विडी विझवली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. रात्री बनाबाई अंधारात पुटपुटत होती, "मीच पाजत होती. हातानं पाजत होती."

सकाळी बनाबाई म्हणाली, "तू थांब. मी जाते."

समता थांबली नाही, मागून गेली. विमलबाई गोठ्यातून येत होत्या.

"समताले दूध सोसत नाई, विमलबाई. ते आता घेनार नाई."

विमलबाई हसल्या. "काई तरीच काय बोलता? काजलनं तेच दूध पेलं. तेच. ते तर पोलीस झाली."

"काजलचं पोट वायलं, माह्या पोरीचं वायलं."

"मंग एवढे दिवस कसं सोसलं? आं? एवढ्या सकाळी उठून मी कोनासाठी तापवत होती?" विमलबाईंचा आवाज चढला. "सरळ सांगा ना, आमच्या घरचं नको."

उभ्या आयुष्यात त्या ओसरीसमोर बनाबाई मान वर करून बोलली नव्हती. पण ती मागं सरकली नाही. "तुमचं नको असं नाई. तुमी मायेनं देल्लं, ते मी मरेपर्यंत इसरनार नाई. पन लेकराचं पोट हाये, मी त्याले काय करू?"

विमलबाई आत गेल्या. त्या समताशी त्यानंतर बोलल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर दुसरीकडे बघायच्या. काजलचा फोन आला तेव्हा समतानं तिलाही फार सांगितलं नाही. एवढ्या वर्षांचं येणंजाणं असं सकाळच्या दोन वाक्यांत संपलं, आणि त्यात समताला कुणाचाच दोष काढता येईना.

दूध सुटलं, तब्येत भरली. पण भीती सुटली नाही. दुसऱ्या भरतीच्या रांगेत उभी असताना पोटात कळ नसतानाही तिला घाम फुटला. तेच मैदान, तेच वळण लांबून दिसत होतं. रांगेतून निघून जावं, असं तिला इतकं तीव्रतेनं वाटलं की तिनं एक पाऊल बाजूला टाकलंही. मागची मुलगी म्हणाली, "जाऊन राह्यली काय बे?" समता म्हणाली, "नाई." आणि परत रांगेत आली.

ती पळाली. शेवटच्या वळणावर डोळ्यांपुढं अंधारी आली, छाती फुटायला आली होती. पण ते पळण्यानं झालं होतं. तिनं रेषा ओलांडली आणि गवतावर आडवी पडली.

फाटकाबाहेर बनाबाई पहाटेपासून उभी होती. तिनं वेळ विचारली नाही, मार्क विचारले नाहीत. "पोट?" म्हणाली.

"काई नाई झालं माय."

बनाबाई तिथंच फुटपाथवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.

समता मैदानात पास झाली. लेखी परीक्षेत मात्र थोडक्यात मागं पडली. यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. यादीसमोर तिच्यासारख्या कितीतरी पोरी रडत होत्या, त्यांच्यात उभी राहून तीही रडली. कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. बाकीच्यांना हुकलं तसंच तिला हुकलं होतं.

घरी आली तेव्हा सहदेव दारात बसला होता. त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि सरकून जागा केली. ती बसल्यावर म्हणाला, "गणितात मार खाल्ला ना?"

"हाव."

"मंग गणिताचाच क्लास लावू," तो म्हणाला, आणि दोघं अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिली.