एक माप मोठे टायर

ताटाळ्यातला एक चमचा आपोआप घसरला आणि खण्णकन ओट्यावर पडला. मोठ्या मुश्किलीने आलेली दुपारची शांतता तेवढ्याने मोडली. सिस्टरने श्वास रोखून धरला. कॉटवर बिट्टीने कूस बदलली, ओठ हलवले, एक पाय पांघरुणाबाहेर काढला आणि पुन्हा झोपली. पाच वर्षांची पोर, पण झोप अशी की चमच्याने मोडेल आणि दार बडवलं तर ढिम्म हलणार नाही.

ती परिचारिका होती, म्हणून गल्लीत, बाजारात आणि चिडवायचं असेल तेव्हा घरातसुद्धा तिला सगळे सिस्टरच म्हणत. चमचा उचलून जागेवर ठेवून ती पुन्हा फोन घेऊन बसली. फोनमध्ये टायर होते. जाड नक्षीचे, पातळ नक्षीचे, चिखलाचे, दगडांचे, नवे, वापरलेले. लग्नाच्या वेळी साड्या बघितल्या नसतील इतके टायर तिने त्या आठवड्यात बघितले होते, आणि एकावरही मन ठरत नव्हतं. बघता बघता गुडघा आपला हलत राहायचा. नवरा म्हणायचा, शिलाई मशीन चाललंय.

कारण साधं होतं. पठारावरच्या दोन वस्त्यांमध्ये लस द्यायचं काम तिच्याकडे होतं. खालच्या वस्तीचा प्रश्न नव्हता, डांबरी रस्ता थेट दारापर्यंत. वरची वस्ती दगडाच्या खाणीपलीकडे, आणि तिथवरच्या वाटेला रस्ता म्हणायचं ते केवळ सवयीने. आधी सुटे दगड. मग एक ओला चढ. डोंगरातून बारमाही पाझर, त्यामुळे मातीचं नुसतं लोणी झालेलं. आणि चढ संपता संपता केसांच्या आकड्यासारखं उलटं फिरलेलं वळण, ज्याच्या एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

तिची जीप स्वतःची होती, जुनी, चारही चाकांनी ओढणारी. पण चाकं गुळगुळीत झालेली. मागच्या खेपांना ती ओल्या चढाखाली गाडी सोडून लसींचा थंड डबा खांद्याला लावून चालत वर गेली होती, आणि पोचली तेव्हा आया खाणीवर कामाला निघून गेलेल्या. आरोग्य केंद्राच्या मोठ्या मॅडम तशा वाईट नव्हत्या. त्यांनी तिला समोर बसवून, पाणी विचारून सांगितलं होतं, की पुढच्या फेरीला तुमची गाडी वर पोचली तर हा भाग तुमचाच. नाही पोचली तर तुम्हाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेते, तिथेही माणसं हवीच आहेत. तिथे राहायला खोली मिळे, पण एकटीपुरती. म्हणजे बिट्टी रविवारी भेटणार. पोरीचा दात पडला तर तो फोनवर बघायचा.

हे ऐकून आल्यापासून तिला कुठे बसवेना आणि कुठे उभं राहवेना.

कपडे धुवायच्या मशीनसाठी बाजूला टाकलेले पैसे होते. त्यात गाडीचं एकच काहीतरी नीट होण्यासारखं होतं, आणि ते एक काय, यावर घरात मतांचा पूर आला होता.

दिराचं म्हणणं गाडी उंच करावी, टपावर दिव्यांची माळ लावावी आणि इंजिनाने हवा घ्यायचं नळकांडं काचेच्या वरपर्यंत न्यावं. दीर कुरिअरच्या गाडीवर ड्रायव्हर होता आणि गाड्यांचे व्हिडिओ बघत जेवायचा. वहिनी, तो म्हणाला, गाडी अशी पाहिजे की ती बघूनच रस्ता बाजूला झाला पाहिजे. ती म्हणाली, भाऊजी, रस्ता बाजूला झाला तर मी चालवू कुठे? तो हसला खरा, पण फोटो पाठवायचे काही थांबला नाही.

नवऱ्याला हवी होती विंच, म्हणजे गाडीच्या नाकाला लावायची विजेवरची चरखी; तिचा लोखंडी दोर झाडाला अडकवला की गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून त्यांना नंबर आणायचा. दिवसभर केसाएवढ्या चुकीचा विचार करायची सवय, त्यामुळे पुढे काय काय बिघडू शकेल ते त्याला आधीच दिसे. तो भांडला नाही. फक्त रोज, भाजी चिरताना, बिट्टीच्या वेण्या घालताना, एकच विचारायचा, की अडकलीस तर? तिला राग यायचा, कारण तिच्याही मनात तेच चालू असे.

वर झाड कुठे आहे, ती म्हणायची. चरखी अडकवू कशाला, माझ्या नशिबाला?

शेवटी तिने टायरच ठरवले. गाडी जमिनीला धरते ती चाकांनी, बाकी सगळं नंतर. इथवर तिचं बरोबर होतं. चूक झाली ती दुकानात.

जुन्या टायरांच्या दुकानदाराकडे तिच्या मापाचे नवे टायर होते, पण दोनच येतील एवढेच पैसे. तिच्या मापाचे वापरलेलेही होते, बरेच झिजलेले. आणि कोपऱ्यात एक संच उभा होता: चार टायर, जवळजवळ कोरे, नक्षी अशी खोल की बिट्टीचं बोट आख्खं आत जावं. फक्त एक माप मोठे. किंमत झिजलेल्यांपेक्षा थोडीच जास्त. तिने त्यावर हात फिरवला आणि हात काढवेना. बाळाचे कपडे आपण एक माप मोठेच घेतो की, तिच्या मनात आलं. वाढत्या अंगाचे.

शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री तिच्या गाडीखालून बाहेर येत म्हणाला, की बसतील, पण स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की आतून घासतील. मग त्याने स्वतःच तोड काढली. चाक किती वळू द्यायचं ते ठरवणारा एक बोल्ट असतो, तो थोडा बाहेर काढला की चाक घासायच्या आधीच थांबेल. तिने विचारलं, त्याने काही फरक पडतो का? तो म्हणाला, थोडं मोठं वळण घ्यावं लागेल, बास. त्याच्या दारात आणखी तीन गाड्या उभ्या होत्या आणि तिला बिट्टीला शाळेतून आणायचं होतं. ती हो म्हणाली.

गाडी काय दिसू लागली. गल्लीतले लोक थांबून बघत. दीर चाकाभोवती प्रदक्षिणा घालून आला आणि म्हणाला, वहिनी, आता शोभते. नवरासुद्धा बोटाने नक्षी चाचपून गप्प बसला, आणि त्याचं गप्प बसणं म्हणजे पसंतीच. पुढचे काही दिवस तिचा गुडघा हलला नाही.

रविवारी तिघं चाचणीला निघाली. मागे बिट्टी पट्ट्यात बांधलेली, मांडीवर बिस्किटांचा डबा. सुटे दगड असे पार झाले की जणू पुसून काढले. ओल्या चढाला तिने पहिला गियर टाकला, पाय स्थिर ठेवला, आणि गाडी मातीत दात रोवत, म्हशीसारखी निवांत वर चढली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. झालं, तिला वाटलं, पोर माझ्याजवळ राहिली.

मग वळण आलं. तिने स्टिअरिंग फिरवलं, नेहमीसारखं हाताला हात ओलांडून, आणि ते मधेच टक्कन थांबलं. अजून वळायला हवं होतं. गाडीचं नाक कड्यासमोर येऊन उभं राहिलं. आता पुढे जाता येईना. थोडं मागे घेऊन, पुन्हा पुढे यायचं. आणि मागे म्हणजे ती दुसरी बाजू. जुन्या गुळगुळीत टायरांवर निदान ही गाडी एका दमात वळली असती.

नवरा उतरला. बिट्टीला त्याने पट्ट्यातून सोडवून कडेवर घेतलं आणि कड्याला टेकून उभं केलं. मग मागे जाऊन हाताने खुणा करू लागला. आरशात तिला त्याचा हात दिसत होता आणि त्याच्यामागे आभाळ. ये, ये, ये, थांब. पुढे. पुन्हा मागे. तळहाताला घाम सुटून स्टिअरिंग निसटायला लागलं. शेवटी गाडी वळली. वर वस्ती दिसली, दोरीवर वाळत घातलेले कपडे, एक कुत्रं. पोचली होती ती. मॅडमनी एवढंच तर सांगितलं होतं.

परतताना नवऱ्याने आधी बिट्टीला पट्ट्यात बांधलं. मग म्हणाला, "आज मागे उभा राहायला मी होतो."

ती म्हणाली, "माहीत आहे."

फेरी दोन दिवसांवर आली होती. दुकानदार पैसे परत द्यायला तयार होईना. वस्तूच्या बदल्यात वस्तू घ्या, म्हणाला. तिने त्या कोऱ्या, देखण्या टायरांच्या बदल्यात तिच्या मापाचे झिजलेले उचलले. दुकानदाराने दोनदा विचारलं, नक्की ना. दिराला तर ते सहनच होईना, तो म्हणाला, वहिनी, सोनं देऊन पितळ आणलंत. मिस्त्रीने बोल्ट पुन्हा आत घेतला. नवऱ्याला तिने समजावलं, की अडकले तर अडकले, चालत खाली येईन, पण मागे खुणा करायला कुणी नसताना गाडी मागे घ्यायची नाही मला. त्याने मान हलवली. विंचचं नाव त्या दिवसानंतर त्याने काढलं नाही. संध्याकाळी दीर आपला पायपंप घेऊन आला आणि म्हणाला, चिखलाआधी टायरमधली हवा थोडी सोडा, चाक पसरतं, धरतं. वर पोचलात की भरा. फुकटातली सुधारणा, असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

फेरीच्या दिवशी ती एकटीच निघाली. मागच्या सीटवर बिट्टीच्या जागी लसींचा डबा पट्ट्यात बांधलेला. ओल्या चढाखाली तिने हवा सोडली, पहिला गियर टाकला, पाय स्थिर ठेवला. निम्म्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी हळूहळू खाली सरकली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. वरून बायकांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. थोड्या वेळात त्या खाणीकडे निघतील. मग पुन्हा तो डबा खांद्याला, ती खोली एकटीपुरती, आणि फोनवरचा दात.

तिने गाडी बरीच मागे घेतली, सपाटीपर्यंत. आणि मग पाय दाबला.

गाडी चढाला भिडली ती फेकल्यासारखी. चिखल काचेवर आला, टपावर आला, समोरचं काही दिसेना. वर येता येता मागची बाजू सुटली आणि त्या बाजूला गेली, जिथे काहीच नव्हतं. किती गेली ते तिला कधीच सांगता आलं नसतं. पाय तिने काढला नाही, चाकाखाली कुठला तरी दगड आला, गाडी सरळ झाली. पुढचं वळण एका दमात झालं. स्टिअरिंग पुरतं फिरलं.

वर आया होत्या, पोरं होती, रडारड होती. तिने हात धुतले, डबा उघडला आणि कामाला लागली. दुपारी मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, छान, मग ठरलं तर.

घरी सगळ्यांना तिने तेवढंच सांगितलं, की पोचले आणि ठरलं. नवऱ्याने विचारलं, चढ कसा गेला? ती म्हणाली, भाऊजींची हवेची युक्ती चालली. तो खूप दिवसांनी मोकळा हसला आणि आत चहा टाकायला गेला. तिला बसवेना. बादली आणि चिंधी घेऊन ती अंगणात गाडी धुवायला आली. मागोमाग बिट्टी, स्वतःची छोटी बादली घेऊन, बाह्या वर सारून.

बिट्टीने चाकं घेतली, आईने काचा. पाणी तांबडं होऊन वाहत होतं. मधेच बिट्टी थांबली. चाकाजवळून मागे सरकत सरकत ती फाटकाला टेकली आणि मान वर करून गाडीकडे बघत राहिली.

"आई, वर पण चिखल आहे. टपावर."

"हो, धुऊ तेही."

"रविवारी नव्हता. रविवारी नुसता चाकांना होता."

सिस्टरने चिंधी पिळली. पुन्हा पिळली. आतून कपांचा आवाज आला.

बिट्टी जवळ आली. ओल्या हाताने तिने आईच्या गाऊनचं टोक धरलं, आणि अगदी सहज, उद्या डब्यात काय असं विचारावं तसं विचारलं, "मी गाडीत नसले की तू जोरात चालवतेस?"