देवाच्या कोपऱ्यातला खिळा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खिळा आहे. वैशाखरे गावातल्या धाऊच्या घरात, देवाच्या कोपऱ्यात, डोक्यापर्यंत जमिनीत रुतलो आहे. हलता येत नाही, म्हणून जागेवरूनच सांगतो.

मुरबाडच्या लोहाराने मला घडवले. बैलगाडीच्या लाकडात मी बरीच वर्षे काढली. गाडी मोडली आणि मी गंजक्या डब्यात पडलो. तिथे नुसता अंधार.

डबा उघडला तो सारिकामुळे. ती धाऊची सून. तान्ह्या बाळाला पाळणा बांधायलाही घरात जागा नव्हती. ती नवऱ्याला म्हणाली, "घर वाढवा, नायतर मी बाळाला घेऊन भातसानगरला आईकडं जाते."

धाऊने अट घातली, "घराचा तोंडवळा तोच पायजे. आनि देव कोपऱ्यातून हलायचा नाय."

उतारावरचे घर तिरके होते. कुडाच्या भिंती उतरवल्यावर नववीतल्या मनस्वीने, धाऊच्या लेकीने, मला बरोबर मध्ये ठोकले. माझ्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, तिच्या निम्मी आणखी पुढे नेली आणि तिथे चुना टाकला. आकार तोच, प्रत्येक भिंत दीडपट!

पण सगळेच कोपरे लांब गेले. देव राहिले जुन्याच जागी, आता वाटेत.

"देव काय वाटसरू हाय गो?" धाऊ कडाडला.

"बा, हातभर सरकवू."

"मग मला बी सरकव! बसव मुरबाडच्या एसटीत!"

सारिका बाळाची दुपटी पिशवीत भरू लागली.

ते बघून मनस्वीने मला उपटले. क्षणभर मी तिच्या घामेजल्या तळहातावर होतो. भोवती लाकूड नाही, पत्रा नाही, माती नाही. वाटले, आता हिने मला लांब भिरकावून द्यावे.

ती देवापाशी गेली. "बा, माझंच चुकलं. खिळा हितं ठोकायचा. खिळ्याचा कोपरा हलत नाय, बाकीचेच लांब जातात. वहिनी, थांब गो!"

धाऊने दोरी ताणून पाहिली. मग स्वतःच हातोडा उचलला.

भिंती उभ्या राहिल्या, जमिनीवर कोबा पडला. पिशवी रिकामी झाली. बाळ आता रांगत पार पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते. मी ऐकतो. मला मात्र तिथवर कधीच जाता यायचे नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी एका जागी रुतून बसलेले असेल, म्हणून तुम्हाला लांब जाता येते. त्याला उपटू नका. पण जाता येता त्याच्यापाशी घटकाभर बसा.