उठवलेल्याची जागा

किशोर इस्राएलला निघायच्या आदल्या दिवशी मी घरी जेवण ठेवलं होतं. अकोल्यात फरशी बसवणारा माझा नवरा तिथल्या बांधकामावर निवडला गेला, म्हणून वस्तीतले झाडून सगळे आले. पंगत बसली. मी वरण वाढत होते आणि माझे सासरे, नत्थुजी, ज्यांना मी मामाजी म्हणते, दारातच उभे राहिले.

पंगतीत ते कधी बसतच नाहीत. लहानपणी एका लग्नात त्यांना जात विचारून भरल्या पानावरून उठवलं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यांनी किशोरला विचारलं, "तिथं जागा काहून खाली झाली, इचारलं का एजंटाले?"

विचारायचं काय, टीव्हीवर दिसतच होतं. लढाई पेटली आणि रोज सीमा ओलांडून कामाला येणाऱ्या पॅलेस्टिनी मजुरांना तिथल्या सरकारने बंदी केली. एजंट तर मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, तो कशाला सांगतो?

"मले उठवलं, अन् माह्याच पानावर दुसरं पोरगं बसवलं," मामाजी म्हणाले. "ते जेवलं. उठवणाऱ्याचं नाव मी इसरलो. त्या पोराचं नाई इसरलो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथे हाताला काम नाही, आणि म्हातारा जाणाऱ्याच्या घासात खडा टाकतो. मी वरणाची बादली आपटली. किशोर अर्ध्या जेवणावरून उठला, पण दुसऱ्या दिवशी गेला.

परवा त्याचा फोन आला. मामाजींना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला. कामावर तिथलाच नागरिक असलेला एक अरब मिस्त्री भेटला म्हणे. त्याने मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं, की तुझ्या जागी सीमेपलीकडचा माझा चुलतभाऊ होता, तुझं नाव काय?

"मंग?" मी विचारलं.

"मी खोटं नाव सांगतलं."

मामाजींनी मान हलवली, आपलंच खरं झाल्यासारखी. तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. माझा नवरा परमुलखात नाव लपवून राहतो, सायरन वाजला की तळघरात पळतो. त्या मिस्त्रीचा भाऊ घरी बसलाय. आणि हे एकमेकांचीच नावं विचारतात. ज्यांनी लढाई लावली ते कुठेतरी पोटभर जेवत असतील.

"मामाजी, उठवणाऱ्याचं नाव आठवा," मी म्हटलं. "तेच काहून इसरले तुमी?"

ते बराच वेळ आठवत राहिले. त्यांना आठवलं नाही.