तीन चुकांचा तारा

तुम्ही खोटारडे आहात, आणि आम्हालाही खोटारडं केलंत... टॅबलेटच्या पडद्याच्या कोपऱ्यात तो तारा लुकलुकत होता, नखाएवढा, पिवळाजर्द, आणि गणिताच्या बाई मनातल्या मनात वरच्या ऑफिसला हे पत्र लिहीत होत्या. फळ्यावरचा तास काढून त्या जागी टॅबलेटवरचा खेळ बसवणारं तेच ऑफिस. समीकरण सोडवा, पूल बांधा, दरी ओलांडा. झकास! पण तीनदा चुकलं की खेळ स्वतःच उत्तर भरतो आणि वर तारा देतो, हे पोरांनी दुसऱ्याच दिवशी हुडकलं. टक, टक, टक... बाई तेव्हा केवढ्या ओरडल्या होत्या! मग वरून मागे पडलेल्यांची यादी मागवली गेली, यादीत एकच मुलगी, आणि रिकाम्या वर्गात बाईंनी तिचा टॅबलेट उघडला — टक, टक, टक. दहावी, शेवटची पायरी. वर्ग शंभर टक्के. हेडसर खूश, "बाई, शाळेचं नाक राखलंत!"

आता तीच मुलगी टेबलाशी उभी. मुंगीएवढे आकडे काढते, म्हणून मुंगी.

"बाई, सही. आज शेवटचा दिवस आहे."

तिने अर्ज पुढे केला: पुढच्या वर्षासाठी गणित, वरचा स्तर.

"मुंगे, झेपेल ना गं?"

"मला वाटायचं, माझं डोकं मठ्ठ आहे. पण दहावी पायरी आली ना! बाबा म्हणाले, मशीन कशाला खोटं बोलेल?"

बाईंनी वही पुढे सरकवली. वजा तीन, कंसात x वजा चार. मुंगीने कंस सोडवला, शेवटी लिहिलं वजा बारा. अधिक बारा हवं होतं.

याच कंसात बाई स्वतः अडकल्या होत्या, तिच्याच वयाच्या असताना... स्वयंपाकघराची फरशी, आत्याने मांडलेली बटणं, एका बाजूने काळी म्हणजे वजा, एका बाजूने पांढरी म्हणजे अधिक. 'वजाने गुणलंस ना? मग पालथी घाल सगळी.' किती संध्याकाळी! खेळच होता तोही, पण आत्या थांबायची, चुकलेलं बटण हातात धरून नुसती थांबायची — आणि मी? मी तीन टकटकींत मोकळी झाले.

"बरोबर आहे ना, बाई?"

पेनाचं टोपण निघालेलं. खरं सांगावं तर हे उजळलेलं तोंड विझणार. सही करावी तर पोर पुढच्या वर्षी गटांगळ्या खाणार, मठ्ठच ठरणार. ऑफिसला लिहायचं पत्र पुढे सरकेना. खेळ तुमचा, यादी तुमची, सगळं कबूल... पण त्या दिवशी टॅबलेटवरचं बोट कुणाचं होतं, बाई?

बोला. ती उभी आहे.