सखूच्या बरगड्यांमागे

मी एक जुनी ग्रंथी आहे. सखूच्या पाठीत, बरगड्यांच्या मागे, मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली. मला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. माझी जोडीदारीण पलीकडच्या बाजूला आहे, पण आमची कधी भेट झाली नाही. या जागेतून मला हलता येत नाही.

मित्रांनो, माझं काम सोपं आहे. संकट आलं की मेंदू हुकूम देतो आणि मी माझा रस रक्तात सोडते. लहानपणी हेदवीला गवत कापताना सखूच्या पायाशी फुरसं निघालं. मी रस सोडला, तिची छाती धडधडली आणि पोर एका उडीत बांधावर! "काय चपळ गो ही!" बायका म्हणाल्या. ते कौतुक थोडं माझंही होतं. साप गेला, मीही शांत झाले.

पुढे सखूचं लग्न झालं. नवरा महिपत मुंबईला छापखान्यात. १९८३ साली सासऱ्यांचं, आप्पांचं, अर्धं अंग लुळं पडलं. पडवीत बाजेवर पडून ते काठी आपटत. पाणी हवं, आपटली. माशी बसली, आपटली.

"येते, आप्पा!" म्हणत सखू धावे. दरवेळी मला हुकूम येई. हा साप मात्र जाईना.

संकट नसतानाही माझा थोडा रस सकाळी भरतो आणि रात्री ओसरतो, तेव्हा माणसाला नीट झोप लागते. सखूचा ओसरेना. अंथरुणातही तिचे कान काठीकडे. सकाळी भरलेला हंडा ती वाटेत दोनदा खाली ठेवी. शेजारच्या आनंदीबाईंनी दृष्ट काढली. महिपतने टॉनिक पाठवलं. गुहागरचे डॉक्टर म्हणाले, "रक्त चांगलं आहे. विश्रांती घ्या."

"ती कुठच्या दुकानात मिळते, डॉक्टर?" सखूने विचारलं. सगळे हसले.

मी दमले होते असं समजू नका. मला थांबायला कुणी सांगत नव्हतं आणि हुकूम मोडणं मला जमत नाही.

दोन वर्षांनी महिपत गणपतीला घरी आला. सखू मोदक वळत होती. काठी वाजली. ती धडपडत उठली आणि चुलीपाशीच कोसळली. हात भाजला.

"आप्पा, काय हवं होतं एवढं?" महिपत ओरडला.

आप्पा रडू लागले. "काय नको होतं रे. ती घरात आहे ना, तेवढंच बघत होतो."

महिपतने सखूचा हात पाण्यात धरला. आवाज ऐकून आलेल्या आनंदीबाई म्हणाल्या, "दुपारची मी बसेन त्यांच्यापाशी. आणि महिपत, तू आहेस तोवर काठी वाजली की तू उठायचं."

आता आनंदीबाई पडवीत सुपाऱ्या सोलत बसतात. आप्पा कुरकुरतात, "ही बाय बोलते फार!" पण काठी वाजत नाही. तेवढा वेळ सखू झोपते. अजून झोपेत ती दचकते आणि मीही रस सोडते. इतकी सवय लगेच कशी जाईल?

मित्रांनो, तुमच्या घरात हाक आली की नेहमी कोण उठतं, ते बघा. उद्या तिच्याआधी तुम्ही उठा.